साकवावर अडलेले दोन राजे

साकवाच्या ऐन मधोमध दोन पालख्या नाकाला नाक लावून अडल्या! अलीकडून कातळगडचा राजा चंडप्रताप, पलीकडून नदीपारचा राजा वीरकेसरी. साकव इतका अरुंद की दोन माणसं अंग चोरून कशीबशी जातील. पालख्यांचं तर नावच नको. खाली नदी फेसाळत होती.

"मागे हो!" हा ओरडला.

"तू हो!" तो ओरडला.

कातळगडच्या प्रधानाने घाईघाईने तहाचा कागद काढला. "महाराज, दोन राज्यांमधल्या कायद्याप्रमाणे साकव दोघांचा..." (हल्ली शिकलेली मंडळी त्याला आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नाव लांबलं, भांडण तेच!)

"राजांवर कसला कायदा?" चंडप्रताप गरजला. "मला पकडणारा शिपाई जन्मलाय का?"

प्रधानाने कागद गुंडाळला. त्याला स्वतःचं मुंडकं फार आवडायचं.

राजाची नजर पुढच्या दांडीखालच्या सुक्या भोयावर पडली. "ए सुक्या! पलीकडे मेजवानी निवतेय. मला पोचव! मी मागे सरणार नाही, आणि हा माझ्याआधी सुटता कामा नये. नाही जमलं तर तुम्हा आठही जणांना नदीत ढकलीन!"

सात भोई देवाचं नाव घेऊ लागले. सुक्याने खांदा चोळला.

"सोपं आहे, महाराज. पालख्या बदला! तुम्ही त्यांच्या पालखीत बसा, ते तुमच्या. आम्ही भोई तोंडं फिरवतो आणि आल्या वाटेने परत जातो. दोन्ही पालख्या एकदम उचलायच्या. मागे जातील ते भोई, राजे दोघेही पुढेच!"

"गाढवा! शत्रूच्या खांद्यावर बसू? ते मला नदीत टाकतील!"

"टाकतील कसे? त्यांचा राजा आमच्या खांद्यावर असेल ना!"

"आणि तुम्ही मला टाकलंत तर?" पलीकडून वीरकेसरी किंचाळला.

"तर तुमचे भोई आमच्या महाराजांना आंघोळ घालतील, सरकार! बघा, शिपाई नको, चौकी नको. दोघांनाही आपापला जीव प्यारा, तेवढ्यावर तुमचा कायदा चालतो!"

चंडप्रताप असा खदाखदा हसला की साकव करकरला. त्याने सोन्याचं कडं काढून सुक्याच्या हातात घातलं. वीरकेसरीला कमीपणा कसा चालेल? त्याने दोन कडी दिली! मग ह्याने कंठा काढला, त्याने बाजूबंद!

"काढा, काढा!" सुक्या ओंजळ पसरून म्हणाला. "जेवढे हलके व्हाल, तेवढं आम्हाला उचलायला बरं!"