ओंजळभर तापली वाळू

चपला काढा आन उतरा ओढ्यात. बगा, सगळी वाळू पांढरीफेक, आन मधी ही एवढीच काळी. हात लावा. सावलीत असून बी कोमट लागती.

लई जुनी गोष्ट हाय. तवा म्हणे गावात भात पिकायचा, पर खायला मिळायचा न्हाई. तांदूळ बाजारात जायचा, घरात नाचणीची आंबील. सुगी सरली की दारांना कड्या, माणसं मजुरीला परमुलखात. एका हौसाक्काच्या घरातनं तेवढा धूर निघायचा. तिची चुरमुऱ्याची भट्टी. तापल्या वाळूत तांदूळ टाकला की दाणा असा फुलायचा, जशा झोपेत कळ्या उमलाव्यात. त्या घरात दोन वेळ भात.

वाळू नवी असली की दाणा करपतो. हौसाक्काची वाळू बारा वर्सं तापून काळी झालेली. आन तिचा समज असा, की वाळू निवली की शिकलेलं इसरती. भट्टी पहिल्यांदा पेटली तवा तिनं ओढ्यातल्या साती आसरांना, पाण्यातल्या सात देवींना, शब्द दिला हुता म्हणे, माझं घर भरलं की दुसऱ्याचं भरीन. घर भरलं. शब्द पाळायचा ऱ्हायला.

एका सकाळी जाऊ आली, आंबूबाई, डोईवर घागर घिऊन. म्हणली, "अक्का, ओंजळभर वाळू दे. म्या बी भट्टी घालती. न्हाईतर आमी बी निघालो."

"दोन भट्ट्या झाल्यावर माजे चुरमुरे घेईल कोण?"

"तुजे तूच खा. पोटभर खा," म्हणली आन चालायला लागली.

त्या दुपारी दाणे फुलले, पर आवाज झाला न्हाई म्हणे. भट्टीचा धूर गावावरनं फिरला, दुसरा धूर कुठं घावला न्हाई, तसाच माघारी आला. त्या धुरात हौसाक्काला सात बाया दिसल्या, रिकामी सुपं घिऊन बसल्याल्या. नुसतं बगत हुत्या.

ती उठली, कढईत दोन्ही हात घातले, वाळूची ओंजळ भरली आन पळत सुटली. अडाणी बाई. निववून फडक्यात बांधून न्यायची, काय बिघडत न्हवतं. पर निवली की इसरंल, हेच डोस्क्यात. हितं ओढ्यात, गाव सोडून निघालेल्या आंबूबाईला गाठलं, घागरीत वाळू वतली. बोटांतनं सांडली ती ही. आंबूबाईनं जावंचे तळहात बगितले आन मागं फिरली.

तिसऱ्या दिवशी दुसरी भट्टी फुलली. हौसाक्काच्या हातांना पाला बांधलेला. पहिली मूठ आंबूबाईनं तिला भरवली.

आदी एका पोत्यासाठी व्यापारी गाडी धाडत न्हवता. दोन भट्ट्या झाल्या तवा गाडी ओढ्यापतुर आली. नऊ झाल्या तवा दारात. एकेक कडी निघाली. गिऱ्हाईक तुटंल म्हणून जी भ्याली, तिच्याच अंगणात बैल सुटाय लागले.

आजही नवी भट्टी पेटायची तर वाळू शेजारच्या भट्टीवालीनंच द्यायची. आता पाटीतनं देत्यात, हात कुणी भाजत न्हाई. पर पहिले चुरमुरे देणारीनं हातात घ्यायचे न्हाईत, नवीनं तिला भरवायचे. औंदा माझ्या बायकोनं समोरच्या घराला वाळू दिली. मी लई तडकलो, आपलंच गिऱ्हाईक फोडतीस व्हय म्हणून. ती सरळ त्यांच्या दारात गेली, हात मागं घिऊन उभी ऱ्हायली, आन तोंड उघडलं.