कोतवालाची हाक

नदीकाठच्या जंगलात अजून माणूस पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या वडावर कोतवाल पक्ष्याचा पहारा असे. ससाणा दिसला की तो हाक देई आणि सगळे पक्षी उडून लपत.

नकला करण्यात पटाईत असलेल्या भृंगराज पक्ष्याने ती हाक हुबेहूब उचलली. तो खोटीच हाक देई आणि घाबरलेल्या पक्ष्यांनी टाकलेले किडे निवांत खाई. एकदा अशाच पळापळीत हरोळी पक्षिणीचं पिल्लू घरट्यातून पडलं. गवतामुळे वाचलं, पण त्याचा पाय मुरगळला.

हरोळीने सभा बोलावली. भृंगराज काही कबूल होईना.

"माझा आवाज चोरला, यात माझा काय दोष?" कोतवाल म्हणाला.

"मी फक्त फांद्या देतो," वड म्हणाला. "कोण काय ओरडतं, ते मी कसं बघू?"

पक्ष्यांचा मुखिया असलेला धनेश पक्षी वैतागला. "आजपासून कुणीच ओरडायचं नाही!"

"आणि खरा ससाणा आला तर?" हरोळीने विचारलं. "मी कुणाच्या भरवशावर पिल्लं वाढवायची?"

शेवटी कोतवाल म्हणाला, "बाई, तुमचा भरवसा माझ्यावर होता. यापुढे हाक देताना मी शेंड्यावर घिरट्या घालीन. मी दिसलो तरच उडा."

"शेंड्याची पानं मी गाळतो," वड म्हणाला. "म्हणजे तू सगळ्यांना दिसशील."

"आम्हीही आधी वर बघू," पक्षी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हाक आली. सगळ्यांनी वर पाहिलं. शेंड्यावर कुणीच नव्हतं, म्हणून सगळे शांतपणे खात राहिले. भृंगराज ओशाळला.

"त्या सालीखाली पुष्कळ किडे आहेत, भाऊ," पिल्लाला भरवता भरवता हरोळी म्हणाली.

भृंगराज मुकाट्याने तिकडे गेला आणि पोटभर जेवला.