नखावरच्या नऊ रेघा

एकदा एका वृद्ध वैद्यराजांना दोन दिवसांसाठी परगावी जावे लागले. निघताना ते शिष्याला म्हणाले, "कोणी आले तर साधा काढा द्यायचा. बाकीचे मी आल्यावर." शिष्याने मान डोलावली. त्याला येऊन अवघे तीन महिने झाले होते, आणि तीन महिन्यांच्या शिष्याइतका सर्वज्ञ मनुष्य त्रिभुवनात सापडत नाही.

त्याच सकाळी गावातला कापडाचा व्यापारी पडशावर औषध न्यायला आला. वय साठीच्या पुढचे. पुडी घेताना त्याचा अंगठा शिष्याच्या दृष्टीस पडला. नखावर मुळापासून टोकापर्यंत उभ्या रेघा होत्या. शिष्याने त्या मोजल्या आणि गंभीर मुद्रेने सांगितले, "शेठजी, नऊ आहेत! साताच्या वर गेल्या की मनुष्य पुढची पौर्णिमा बघत नाही." हे आपण कुठे ऐकले, ते त्यालाही सांगता आले नसते.

व्यापाऱ्याची बोबडी वळली. पौर्णिमेनंतर तिसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचे लग्न होते. ऐन मांडवात सुतक नको, म्हणून तो तडक व्याह्यांकडे गेला, त्यांना नखे दाखवली आणि लग्न वर्षभर पुढे ढकला म्हणाला. व्याही एकदम उखडले. "वर्षभर थांबायला वेळ कोणाला आहे? उद्यापर्यंत होकार कळवा, नाहीतर आम्हाला दुसरे स्थळ आहे." इकडे मुलीने रडून घर डोक्यावर घेतले.

दुसऱ्या दिवशी वैद्यराज परतले, तो व्यापारी दारातच बसलेला. सारे ऐकून घेतल्यावर वैद्यराजांनी घोंगडी अंथरली, दक्षिणेकडे पाय करून ते उताणे पडले आणि तोंडात तुळशीचे पान ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"गुरुजी, हे काय?" शिष्य घाबरला.

"माझा अंगठा बघ आणि रेघा मोज."

"दहा... तेरा... सोळा."

"म्हणजे मला जाऊन बरीच वर्षे झाली. बांबू आण. शेठजी, तुम्ही माझ्या मागून. वयाचा काही मान ठेवाल की नाही?"

व्यापाऱ्याला रडावे की हसावे कळेना. वैद्यराज उठून बसले. "अहो, वय झाले की तोंडावर सुरकुत्या येतात, तशा नखांवर उभ्या रेघा येतात. आडवी खाच पडली, नखात नवा काळा पट्टा उमटला, तर अवश्य दाखवायला या. या रेघांचा अर्थ इतकाच, की तुम्ही पुष्कळ जगलात." मग ते शिष्याकडे वळले. "ठाऊक नसणे हा दोष नव्हे, बाळ. मलाही पुष्कळ ठाऊक नाही. पण ते झाकण्यासाठी तू बोललास. आता यांच्याबरोबर जा आणि व्याह्यांना हेच सांग."

व्याह्यांची ओसरी माणसांनी भरली होती. शिष्य खाली मान घालून उभा राहिला. "मला ठाऊक नव्हतं, तरी बोललो. उभ्या रेघांनी कोणी मरत नाही."

व्याह्यांनी उपरण्याखाली लपवलेला हात हळूच बाहेर काढला. "कालपासून घास उतरला नाही रे बाबा. माझ्या अकरा आहेत."

लग्न ठरल्या दिवशीच करायचे ठरले. आपले एक वाक्य आणखी किती घरांत शिरले असेल, याचाच विचार शिष्य परत येताना करत होता. वैद्यराजांच्या दाराशी एक म्हातारी कान धरून बसली होती. "काय झालंय रे माझ्या कानाला?" तिने विचारले.

"मला ठाऊक नाही, आजी," तो म्हणाला. "गुरुजींना विचारतो."

वैद्यराजांनी ते आतून ऐकले, आणि त्याच दिवशी ते त्याला नाडी बघायला शिकवू लागले.