भादरलेला डोंगर

"त्याचं डोकं उडवलं ते कशाबद्दल, ताता? सांगा की!"

ताता कासियानोंनी मान वर केली नाही. ते अल्पाकाची लोकर कापत होते. अल्पाका म्हणजे बोलिव्हियाच्या डोंगरातली मेंढीच म्हणा, मान तेवढी उंटासारखी.

विचारणारा फाउस्तिनो. नऊ वर्षं तो या म्हाताऱ्या जाणत्याचा शिष्य होता. आज मात्र पाठीवर गाठोडं बांधूनच आला होता.

आदल्या दिवशी गावानं पर्वताची मोठी पूजा केली. पूजेचा मान आपलाच, असं फाउस्तिनोनं गावभर सांगून ठेवलं होतं. तातांनी ऐन वेळी त्यांच्या धाकट्या शिष्येला, हिलारियाला, पुढे बोलावलं.

"मुरुराता!" फाउस्तिनोनं समोरच्या धुक्याकडे बोट दाखवलं. पर्वत त्या धुक्यामागे होता. "आपल्या आयमारा भाषेत मुरु म्हणजे कापलेलं. सगळ्यांत उंच मीच, असं म्हणाला, म्हणून देवानं गोफणीच्या एका धोंड्यानं त्याचं मुंडकं उडवलं. तेच त्याचं नाव पडलं. पण मी असं काय म्हणालो होतो? काल गावासमोर तुम्ही माझं नाक कापलंत!"

तातांनी आता वर पाहिलं. नाक नीट न्याहाळलं.

"जागेवर आहे."

"थट्टा नको, ताता. मी चाललो. परत येणार नाही."

"जा... जाता जाता एवढं सांग. ही कोण?"

त्यांनी कात्री बाजूला ठेवली. अल्पाका धडपडत उठली. मघाशी चांगली गुबगुबीत होती. आता नुसती काटकुळी, थंडीनं थरथरणारी.

"भादरलेली अल्पाका."

"आपल्या भाषेत सांग."

"मुरु..." फाउस्तिनो अडखळला. "मुरुराता."

"हिनं काय गुन्हा केला होता?"



तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं सरकायला लागलं. आधी पायथा दिसला. मग काळा कडा. मग बर्फ... आणि बर्फ संपेचना. पाहता पाहता फाउस्तिनोची मान इतकी मागे गेली की टोपी खाली पडली.

जन्मापासून पाहिलेला पर्वत. माथा सपाट. जिथे शिखर असायचं तिथे निळं आभाळ येऊन टेकलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अशा वेळी माणसानं तोंड उघडू नये, असं माझं मत आहे. फाउस्तिनोनंही उघडलं नाही. त्याचे डोळे भरून आले. भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.



"ताता... डोकं असतं, तर एवढं आभाळ टेकलं असतं का हो तिथे?"

ताता कात्रीला चिकटलेली लोकर काढत होते.

"मी काय करू आता?"

"पाय धर."

फाउस्तिनो गुडघ्यांवर बसला. हात त्यानं तातांच्या पायांकडे नेले. तातांनी पाय झटकन मागे घेतले. कळपातली दुसरी अल्पाका ओढून आणली आणि त्याच्यासमोर आडवी केली.

"माझे नव्हेत, हिचे. अजून चौदा भादरायच्यात."