ये गं, ऐक

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला बजावलेलं आहे. पण लहानथोरांनो, तुम्ही ती पोटात ठेवाल, म्हणून सांगते.

फार फार वर्षांपूर्वी, गावोगावी तांब्याचे हंडे घडत तेव्हा, एका गावात एक तांबट राहत होता. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा हातोडा चाले. घरात सहा खाणारी तोंडं. जेवताना तो भाकरीचा मऊ पापुद्रा सोलून मुलांना वाढी आणि करपलेला तळ स्वतः खाई. म्हणे, "मला कडकच आवडते."

हंडा तयार झाला की तो थोरल्या लेकीला हाक मारी, "ये गं, ऐक." मग हंड्यावर टिचकी मारी. सांधा पक्का असला तर हंडा खणखणीत वाजे. कच्चा असला तर बद्द. लेकीला एक कोडं पडे. टिचकी मारताना बाबा हंड्याकडे बघतच नसे, तिच्या तोंडाकडे बघे. ती हसली की हंडा गिऱ्हाइकाकडे जाई.

एकदा नदीकाठी जत्रा भरली. मैत्रिणी दारात खोळंबल्या होत्या. "चल की गं, पाळणे थांबतील!" तेवढ्यात बाबाची हाक आली. टिचकी वाजली. बद्द! लेकीने ते ऐकलं. पण हंडा पुन्हा सांधायचा, तर भाता तिलाच ओढावा लागणार होता. ती हसली आणि पळाली.

तिसऱ्या दिवशी एका लग्नघरचा यजमान तोच हंडा घेऊन आला. सारी आळी जमली.

"तांबटदादा, हंडा दिलात की चाळण? भर पंगतीत पाणी झालं! कान झोपले होते का तुमचे?"

तांबट त्याच्या ओठांकडे बघत राहिला. तेव्हा लेकीच्या ध्यानात आलं. बाबाला ऐकू येत नव्हतं! एवढ्या वर्षांच्या ठोक्यांनी त्याचे कान कधीच नेले होते. हे गावाला कळलं, तर त्याच्याकडे काम कोण देणार? आणि सहा तोंडं खाणार काय?

"बाबा, मी..." ती रडू लागली.

तांबटाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी," तो यजमानाला म्हणाला. "हातोडा माझा, हंडाही माझाच. नवा करून देतो."

नवा हंडा झाला. आता बाबा आपल्याला बोलावणार नाही, असं लेकीला वाटलं. पण हाक आलीच, "ये गं, ऐक." टिचकी मारून तो तिच्याच तोंडाकडे बघू लागला, अगदी पहिल्यासारखा. तिने श्वास रोखून ऐकलं आणि मगच ती हसली. त्यानंतर त्या घरातून बद्द हंडा कधी बाहेर पडला नाही.

तांबट जाऊन किती पावसाळे लोटले. अजूनही पाणवठ्यावर कुणी हंडा टेकवला की त्याचा नाद घुमतो, आणि म्हातारी झालेली ती लेक हातातलं काम थांबवून हसते.

म्हणून लक्षात ठेवा: राबणाऱ्या बापाने आपल्यावर टाकलेला विश्वास हीच त्याची खरी ठेव, तिचा सांधा कधी कच्चा राहू देऊ नये.

तो परत आलेला हंडा मात्र तिने मोडीत घातला नाही. आमच्या घरी त्यात ज्वारी ठेवतात. मी त्यावर टिचकी मारली की पणजी आतून ओरडते, "बद्द!" आणि मग ती... आले, आले, पणजी! नाही गं, मी कुठे कुणाला काही सांग...