पडेल तो बाहेर

रंगराव आप्पा तरुणपणी नावाजलेले पैलवान. शहरात बर्फावरच्या हॉकीचं मैदान झालं, तेव्हा संघटनेचं अध्यक्षपद आपोआप त्यांच्याकडे चालत आलं. संघातल्या पोरींना पदरमोड करून बदामाचं दूध पाजणारा हा माणूस, पण बर्फावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाच्या कठड्याबाहेर उभं राहून त्यांनी नवा नियम काढला. "जी पडेल ती बाहेर. पाठ टेकली की हरला, आमच्या तालमीत हेच शिकवलंय."

गोलरक्षक शर्वाणी पुढे झाली. "आप्पा, मी पडूनच गोल अडवते."

"मग उभ्यानं अडव. दोन पायांवर उभं राहायला काय अक्कल लागते?"

पंच नुसत्या माना डोलवत होते. आप्पांपुढे बोलणार कोण?

शर्वाणी म्हणाली, "बरं आप्पा, उद्यापासून लागू करा. फक्त एवढा मोठा नियम कठड्याबाहेरून नको. मैदानाच्या मधोमध उभं राहून जाहीर करा, शोभून दिसेल."

आप्पांनी फेटा सारखा केला, मिशीवर हात फिरवला आणि कोल्हापुरी वहाणा घालूनच बर्फावर उतरले. पुढच्याच पावलाला दोन्ही पाय वर गेले आणि आप्पा चक्क उताणे!

कुणाची हसायची छाती होईना. शर्वाणी घसरत जवळ आली आणि तिनं हात पुढे केला.

"उठा आप्पा. नियम उद्यापासून आहे. आज पडलेल्याला उठून खेळता येतं."

आप्पा पडल्या पडल्याच गडगडून हसले. तिचा हात घट्ट धरत म्हणाले, "मग उद्याही उठून खेळता येऊ दे की, पोरी!"