बयजाआत्या आणि लाकडाचं डोकं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबाचं नाक त्याची आई पदरानं पुसत होती ना, त्याच्याही आधी, हिवरखडी गावात बयजाबाई नावाची एक शिंपीण होती. उंचीला एवढीशी. उभी राहिली काय आणि बसली काय, सारखीच दिसायची. पण आवाज असा, की तिनं चावडीवरून हाक मारली की माळावरची शेरडं चरायची थांबायची. असं म्हणतात.

बयजाबाई कुंच्या शिवायची. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालतात आणि मागं पाठीवर झूल सोडतात, ती कुंची. फक्त तीच. कुणी म्हणालं, "बयजे, एक चोळी शिवून दे की," तर ती वर पण बघायची नाही. म्हणायची, "तुझं डोकं मोठं झालं आता. पुढं सरक."

आता बारशाला कुंची आणायची ती आत्यानं, ही रीत. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, तेही आत्यानंच. पण प्रत्येकाला आत्या कुठून असणार? कुणाची लांब दिलेली, कुणाची भांडून बसलेली, कुणाला मुळातच नाही. तिथं बयजाबाई जायची. असं करता करता ती अख्ख्या गावाचीच आत्या झाली. पाटील तिला आत्या म्हणायचा, पाटलाचा बाप पण आत्या म्हणायचा. नात्याचा पार काला झाला होता, पण कुणाची तक्रार नव्हती.

तिची शिवायची तऱ्हा सगळ्या जगावेगळी. आधी बाळाला मांडीवर घ्यायचं. ते रडायला लागलं की डोक्यावरून हात फिरवून माप घ्यायचं. गप्प पोराचं माप खोटं येतं, असं तिचं म्हणणं. मग आत आजीच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर, वर खण, आणि कपाळापासून झुलीच्या टोकापर्यंत एकच दोरा. मधे तोडायचा नाही. गाठ एकच, ती पण शेवटी. आणि ती गाठ घरी मारायची नाही! बाराव्या दिवशी कुंची बाळाच्या डोक्यावर, दोऱ्याचं टोक लोंबतंय, आत्या पाळण्यात वाकून कानात नाव सांगणार, आणि मगच गाठ. मग दातानं दोरा तोडायचा. नाव नाही तर गाठ नाही. आणि ती गाठ बसल्याशिवाय पुढच्या कुंचीचं कापड कापायचं नाही.

जुळी झाली तर? तर ती दोन्ही हातांनी दोन कुंच्या शिवायची. असं म्हणतात.

तिची कुंची घातलेलं पोर जत्रेत हरवायचं नाही. आणि पोर मोठं होऊन मिशीवाला बाप्या झालं, तरी आत्यानं डोळे मिटून डोक्यावर हात ठेवला की ती नाव सांगायची. एकदा एक चोर तोंडाला फडकं बांधून तिच्या परसातली कोंबडी उचलायला आला. आत्यानं मागून त्याच्या डोक्यात टपली हाणली आणि म्हणाली, "म्हादबा, तुझी कुंची हिरवी होती. लाज वाटती का?" म्हादबानं कोंबडी खाली ठेवली, आणि वर तिचं परस पण झाडून दिलं.

तर असं सगळं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात धोंडोशेट आला.

धोंडोशेटचं तिकडं पेठेत कापडाचं दांडगं दुकान. हिवरखडीत येणारा सगळा खण त्याच्याच गाडीतून यायचा. त्यानं कुठंतरी एका बाळाच्या डोक्यावर आत्याची कुंची बघितली आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. चावडीच्या ओट्यावर आत्या शिवत बसायची, तिथं येऊन तो उभा राहिला.

"बाई, मला शंभर कुंच्या पाहिजेत. जत्रेच्या आधी."

"आण की," आत्या म्हणाली.

"काय आणू?"

"शंभर डोकी."

शेट हसला. त्याला वाटलं म्हातारी थोडी सटकलेली आहे. "अहो, आधी कुंच्या शिवून ठेवू. जत्रेत डोकी आपोआप येतील."

"आपोआप आलेल्या डोक्याचं माप कुणी घ्यायचं?"

"त्याचं काय एवढं! चाळीस बायका बसवतो तुमच्या हाताखाली. तुम्ही सुईला हात पण लावायचा नाही, नुसतं बसायचं. सात पेठांत तुमचं नाव होईल."

"बसल्याली तर मी आत्ता पण हाय. आन सात पेठांतल्या पोरांच्या कानात कुर्र कोण करणार? तू?"

ओट्याखाली माणसं जमली होती, ती खुदूखुदू हसायला लागली. शेटचे कान लाल झाले.

"बाई, धंदा वाढवायचा असतो."

"माझा वाढतोय की. दर साली गावात पोरं हुत्यातच," आत्या म्हणाली. "आन मी आत्या हाय, शेट. घाऊक आत्या कुठं बघितलीस का रं?"

लोक एवढे हसले की चावडीच्या वळचणीतली कबुतरं उडाली, ती तीन दिवस परत आली नाहीत. असं म्हणतात.

पण शेट काय गप्प बसणारा गडी नव्हता. तो गेला केरबा पाटलाकडं. पाटलाचं एकच दुखणं होतं. शेजारच्या गावाला दगडी वेस होती आणि हिवरखडीला नव्हती. हिवरखडीच्या तोंडाशी नुसती एक बाभळ उभी होती. शेट म्हणाला, मला चाळीस बायका द्या, मी तुम्हाला वेस बांधून देतो, वर दोन हत्ती कोरून. हत्ती म्हटल्यावर पाटील विरघळला. तो आत्याकडं आला.

"आत्या, गावाला वेस हुईल गं. हत्तींची."

"वेशीला कुंची लागती का, केरबा?"

"न्हाय."

"हत्तीला?"

"न्हाय गं."

"मग मला कशाला सांगतोस?"

पाटलाला राग आला. त्यानं चावडीचा ओटा तिच्याकडून काढून घेतला. शेटनं तिचा खण बंद केला. पाटलाचा रिकामा गोठा शेणानं सारवून घेतला आणि गावातल्या बायका तिथं शिवायला बसल्या. प्रत्येकीनं आपल्या पोराच्या वेळी आत्याच्या शेजारी बसून तिचा हात बघितलेला, त्यामुळं शिवण सगळ्यांना येत होती. सगुणा नावाची एक पोटुशी पोरगी होती, ती पण गेली. घरी चूल पेटायला पाहिजे ना, बिचारी काय करणार.

माप कुठून आणायचं? शेटनं सुताराकडून एक लाकडाचं डोकं करून घेतलं. गुळगुळीत, नाकडोळे काढलेलं, थोडंसं शेटसारखंच दिसणारं. आणि त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, ते डोकं घेऊन तो पहिल्यांदा आत्याच्याच दारात गेला.

"डोकं मागत होतीस ना? हे घे डोकं."

आत्यानं ते मांडीवर घेतलं. वरून हात फिरवला. एक टपली मारली. कान लावून ऐकलं.

"रडत न्हाय," ती म्हणाली. "नाव काय ह्याचं?"

शेटनं डोकं परत घ्यायला हात पुढं केला.

"बरं, बापाचं नाव सांग. तोंडावळा तर तुझाच हाय."

गल्ली लोळायला लागली हसून. शेटनं डोकं हिसकावून घेतलं आणि पाय आपटत गेला.

पण हसणारी माणसं घरी गेल्यावर आत्या एकटीच दारात बसली. हातात सुई होती आणि कापड नव्हतं. तिची बोटं हवेतच टाके घालायला लागली. गोठ्यातून बायकांच्या बांगड्यांचा आवाज यायचा, आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. ओट्याची नाही, शेटची तर नाहीच. तिला भीती ही, की आता एखादं पोर जन्मलं आणि त्याला शेटची कुंची घातली, तर ते डोकं तिला कधीच ओळखू येणार नाही. गावात एक माणूस तिच्या हाताला अनोळखी फिरेल. मग दुसरा. मग सगळेच. एकदा तिच्या मनात आलं पण, की जावं आणि हो म्हणावं. ती उठली, चप्पल शोधायला लागली.

तेवढ्यात तीन घरं सोडून एक बाळ रडलं. सगुणाचं.

आत्या चप्पल विसरली. अनवाणीच सुटली ती थेट बाळंतिणीच्या खोलीत. सगुणा तोंड लपवायला लागली.

"आत्या, मी तर शेटकडं गेलते."

"तू गेलतीस," आत्या म्हणाली. "हे कुठं गेलतं?" आणि तिनं त्या रडणाऱ्या डोक्यावर हात ठेवला.

खण नव्हता. मग तिनं पेटीतलं आपलं एकुलतं एक जरीचं लुगडं काढलं, लग्नातलं, आणि त्याचा पदर कापला. अकरा दिवस शिवली. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून कानात "येसाजी" असं नाव सांगितलं, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. तेव्हा सगुणा हळूच म्हणाली, "आत्या, एक सांगू? गोठ्यातल्या एका पण कुंचीला गाठ न्हाय."

"का गं?"

"मारायला गेलं की हात थांबतो. नावच न्हाई तर गाठ कशी मारायची? माझं तसं, सगळ्याजणींचं तसंच. शेटला सांगायला गेलो, तर म्हणाला त्वांड बंद ठिवा आन शिवा."

आत्या हसली, हसली, एवढी हसली की पाळणा आपोआप हलायला लागला. पण हसून झाल्यावर ती उठली. शेटची गाडी निघायच्या बेतात होती. शंभर कुंच्या, वर ताडपत्री, आणि मधोमध ते लाकडाचं डोकं, लोकांना माप दाखवायला.

"शेट, गाठी बघून घे," आत्या म्हणाली. "सुटतील."

"पोटात दुखतंय का, आत्याबाई?"

"मी सांगितलं. आता तू आन तुझी गाडी."

गाडी निघाली. गावाच्या तोंडाशी ती बाभळ, आणि ताडपत्रीखालून एका कुंचीचा दोरा लोंबत होता. तो बाभळीच्या काट्यात अडकला. शेट पुढं बसून गाणं म्हणत होता. मागं दोरा सुटत होता. एका कुंचीचा संपला की दुसरीचा त्यात गुंतलेला होता, तो सुटायला लागायचा. टाक्यामागं टाका, कुंचीमागं कुंची. तीन कोस वाट. असं म्हणतात की त्या दोऱ्यावर चिमण्या ओळीनं बसल्या होत्या, आणि पुढं सात वर्षं त्या वाटेवरच्या सुगरणींनी घरट्याला दुसरा दोरा शोधलाच नाही.

जत्रेत शेटनं ऐटीत ताडपत्री काढली. आत खणाचे सुटे तुकडे, अस्तराचे सुटे तुकडे, गोंड्यांचा ढीग, आणि त्यातून वर आलेलं एक टकलं डोकं.

"शेट," कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "बारसं कधी हाय तुमच्या पोराचं?"

परत येताना शेटनं ते डोकं बाभळीखाली फेकून दिलं. चौथ्या दिवशी केरबा पाटलानं चावडीचा ओटा स्वतः झाडला आणि आत्याला बोलावून आणलं. वेस काही झाली नाही. हत्ती तर नाहीच नाही.

आणि खणाचं काय झालं? दोन सालांनी धोंडोशेट पुन्हा ओट्यापुढं येऊन उभा राहिला. ह्या वेळी हातात तान्ही नात होती, आणि ती भोकाड पसरून रडत होती. त्यानं आधी पायातले जोडे काढले. मग म्हणाला, "आत्या, डोकं आणलंय."

"किती हायत?"

"एकच."

"मग बस की."

त्या दिवसापासून खण परत यायला लागला. पुढं संस्थानच्या राणीनं राजवाड्यावर बोलावलं, तर आत्यानं निरोप धाडला, डोकं इकडं आणा. राणी पालखीतून आली आणि राजपुत्राला घेऊन ओट्याखाली नंबर लावून बसली. तिच्या पुढं एका धनगराचं पोर होतं. आधी त्याची गाठ बसली. असं म्हणतात.

आत्या मेलेली कुणी बघितलीच नाही. एका सकाळी ओट्यावर नुसती सुई सापडली. दोरा ओवलेला होता, आणि टोकाला गाठ नव्हती.

हिवरखडीत अजून कुंची कुठल्या दुकानात मिळत नाही. बाजारात मोबाईलची कव्हरं मिळतात, चायनाच्या बंदुका मिळतात, कुंची नाही. ती आत्यानंच शिवायची, नसेल तर शेजारणीनं आत्या व्हायचं. कानात पहिल्यांदा बाळाचं नाव, मग "बयजाआत्याची गाठ" असं मोठ्यानं म्हणायचं, आणि दातानं दोरा तोडायचा. बाभळीखाली ते लाकडाचं डोकं पण अजून आहे. दर जत्रेला गावातली वांड पोरं त्याला पाळण्यात घालतात, वाजतगाजत मिरवतात, आणि सगळी ओरडून विचारतात, "नाव काय ह्याचं?" मग एकदम सगळं गाव गप्प. कुणी बोलत नाही. आणि ते परत बोडकंच बाभळीखाली जातं.

मागच्या साली एक कंपनीवाला आला होता, पांढऱ्या गाडीतून. त्यानं ओट्यावरच्या बायकांना हजार कुंच्यांची ऑर्डर दिली. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "देऊ की. डोकी आणा."

तो हसला. म्हणाला, "डोकी कुठून आणू?"

म्हातारीनं सुई न थांबवता बाभळीकडं बोट केलं. "तुमच्या आधी एकजण आणून बसलाय," ती म्हणाली. "त्याला इचारा, नंबर लागला का."